जुनी झूम लेन्स घ्यावी का? घ्यावी, पण आधी मोटर बघा आणि मग बुरशी

प्रश्न : आम्ही पाचगणीत टेबललँडच्या पायथ्याशी राहतो. मुलाने मला निकॉन डी३४०० कॅमेरा दिला, त्यासोबत १८-५५ची छोटी लेन्स आहे. त्यावर टेबललँड छान येतो, पण वर उडणारे पॅराग्लायडर ठिपक्याएवढे दिसतात. कड्यासमोर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी खरूची तर दिसतच नाही. धोमच्या पाण्यापलीकडचा कमळगडही फोटोत जवळ यावा, अशी इच्छा आहे. नवी मोठी लेन्स परवडणारी नाही. साताऱ्यात एक जण ‘निकॉनची एएफ ७०-३०० जी’ अगदी स्वस्तात देतो आहे. शिवाय माझ्या मामांची फिल्मच्या काळातली निकॉनचीच ८०-२०० एफ/४.५ लेन्स कपाटात पडून आहे. दोन्हींपैकी कोणती वापरू? की तिसरीच शोधू? – एक वाचक, पाचगणी

उत्तर : थेट सांगायचं तर साताऱ्याची लेन्स घेऊ नका, मामांची विकू नका आणि तिसरी शोधा. आता कारणं सांगतो.

साताऱ्याच्या लेन्सपासून सुरुवात करू. तिच्यात दोष नाही, पण ती तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाही. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते. मोटर कॅमेऱ्यात असते आणि माउंटमधून, म्हणजे लेन्स बसते त्या कडेतून, बाहेर आलेला एक बारीक दांडा लेन्सच्या खाचेत शिरून तिला फिरवतो. पुढे निकॉनने ‘एएफ-एस’ लेन्समध्येच मोटर बसवली आणि मग स्वस्त कॅमेऱ्यांतून ती काढून टाकली. २००६चा डी४० हा अशा बिनमोटर डिजिटल एसएलआरपैकी पहिला. डी३००० आणि डी५००० मालिकांतले सगळे कॅमेरे त्याच वाटेने गेले आणि तुमचा डी३४०० त्यांतलाच आहे. साताऱ्याची लेन्स त्यावर बसेल, प्रकाशही मोजला जाईल, पण फोकस आपोआप होणार नाही. हाताने फिरवायला तिची फोकस रिंग अरुंद आणि सैल आहे, त्यामुळे उडत्या पक्ष्यामागे ती तुम्हाला दमवेल. हीच लेन्स डी९० किंवा डी७२०० असलेल्या माणसाला मात्र बऱ्यापैकी चालेल, कारण त्या कॅमेऱ्यांत मोटर आहे.

फसगत होते ती नावांमुळे. ‘एएफ ७०-३०० जी’ आणि ‘एएफ-एस ७०-३०० जी व्हीआर’ ही नावं ऐकायला सारखी, पण लेन्स वेगळ्या. २००६ साली आलेल्या दुसरीत मोटर आहे आणि हाताचा हलका कंप सावरणारी ‘व्हीआर’ यंत्रणाही आहे. नावातल्या ‘जी’चा अर्थ एवढाच की लेन्सवर अपर्चरची रिंग नाही. ‘डी’ म्हणजे विषयाचं अंतर कॅमेऱ्याला कळवणारी लेन्स. मोटरची खूण फक्त ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ या अक्षरांत असते. विकणारा तोंडाने काय म्हणतो ते बाजूला ठेवा आणि नळीवर छापलेलं स्वतः वाचा. ‘एएफ-पी’ ७०-३०० ही २०१६ची लेन्स तुमच्या डी३४००वर उत्तम चालते, पण डी३२००, डी७००० किंवा डी९०वर ती फोकसच करत नाही. म्हणजे ‘नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्याला चालेलच’ हा समजही खरा नाही.

मामांची लेन्स : निकॉनने आपलं एफ माउंट १९५९ साली आणलं आणि कॅमेरे डिजिटल झाले तरी बदललं नाही. लेन्स बसण्याची कडा आणि फिल्म किंवा सेन्सर यांतलं अंतर तेव्हा ४६.५ मिलिमीटर होतं, आजही एफ माउंटच्या कॅमेऱ्यांत तेवढंच आहे. म्हणून मामांची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर ‘टक्’ करून बसेल. बसल्यावर कॅमेरा मात्र तिला ओळखणार नाही. फक्त ‘एम’ म्हणजे मॅन्युअल मोड चालेल, प्रकाश मोजणारा मीटर बंद राहील आणि फोकस हाताने करावा लागेल.

हे ऐकून घाबरू नका. प्रकाशासाठी फिल्मवाल्यांचा जुना ठोकताळा आजही चालतो. लख्ख उन्हात अपर्चर एफ/१६ ठेवलं, तर शटर साधारण ‘एक भागिले आयएसओ’ इतका हवा. म्हणजे आयएसओ २०० असेल, तर १/२०० सेकंद. मोठी झूम एफ/१६ला कोणी वापरत नाही, म्हणून अपर्चर एफ/८वर आणा, प्रकाश चौपट होईल आणि शटर १/८०० सेकंद होईल. एक फोटो काढा, पडद्यावर पाहा, उजळ वाटला तर शटर आणखी जलद करा. फोकससाठी व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो, तो स्थिर पेटला की फोकस बसला. कमळगडासारख्या न हलणाऱ्या विषयासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लाइव्ह व्ह्यू सुरू करा, चित्र मोठं करून रिंग फिरवा. इतका अचूक फोकस स्वस्त ऑटोफोकसलाही साधत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. १९७७पूर्वीच्या, निकॉनची ‘एआय’ सुधारणा न झालेल्या लेन्स डी७२००सारख्या कॅमेऱ्यांवर जबरदस्तीने बसवल्या, तर माउंटच्या कडेची छोटी पट्टी मोडू शकते. तुमच्या कॅमेऱ्यात ती पट्टीच नाही, म्हणून तुम्हाला भीती नाही. मामांची लेन्स कोणाला वापरायला दिलीत, तर हे सांगून द्या.

आता तिसरी लेन्स : किती मिलिमीटरची हवी? दुकानात सगळे ‘तीनशे घ्या’ म्हणतात. आकडा मोठा की लेन्स मोठी, असा हिशेब. आपण टेबललँडवर उभं राहून खरा हिशेब मांडू. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद आहे. ही रुंदी फोकल लेंग्थने भागायची आणि विषयाच्या अंतराने गुणायची, की चौकटीत किती रुंदीचा देखावा मावेल ते कळतं.

खरूची तुमच्यापासून ३० मीटरवर थांबली आहे असं धरा. पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे ७० सेंटिमीटर. ५५ मिलिमीटरला चौकट जवळपास १३ मीटर रुंद असते, म्हणजे पक्षी त्याच्या अठराव्या भागाएवढा. २०० मिलिमीटरला चौकट साडेतीन मीटर, पक्षी पाचव्या भागाएवढा. ३०० मिलिमीटरला चौकट २.३५ मीटर, पक्षी तिसऱ्या भागाच्या आसपास. पक्ष्यांसाठी ३०० हवी, ती याच कारणाने. पॅराग्लायडरचं मात्र वेगळं आहे. त्याचं कापड साधारण १० मीटर पसरतं. १५० मीटरवर उडणारा ग्लायडर २०० मिलिमीटरला ऐसपैस बसतो, तर ३००ला कापडाची टोकं चौकटीच्या कडांना भिडतात. कमळगडाला तर १०० ते २००च्या मधली जागाच शोभते, कारण गडाबरोबर खालचं पाणी आणि मागच्या डोंगरांच्या एकामागे एक उभ्या रांगा हव्यात.

म्हणून तुमच्यासाठी निवड अशी. पक्षी ही मुख्य हौस असेल, तर एएफ-एस ७०-३०० व्हीआर. ती जड आहे, पण फोकस झपाट्याने होतो. ग्लायडर, गड आणि माणसं हेच जास्त असेल, तर २००७ची एएफ-एस डीएक्स ५५-२०० व्हीआर. ती हलकी आहे, बाजारात मुबलक आहे आणि जुनी म्हणून कोणी तिला फारसं विचारत नाही, त्यामुळे स्वस्त मिळते. २०१०ची ५५-३०० व्हीआर मधली वाट आहे. लांबी मिळते, पण फोकस संथ.

कंप सावरणाऱ्या यंत्रणेचा आग्रह का? हातात धरून फोटो काढताना शटर किमान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ असावा हा नियम फिल्मच्या काळातला आहे. तुमच्या सेन्सरसाठी फोकल लेंग्थला दीडने गुणायचं. म्हणजे ३०० मिलिमीटरला १/४५०, सोयीसाठी १/५०० सेकंद. टेबललँडवर वारा कधी थांबत नाही आणि संध्याकाळी तेवढा शटर मिळत नाही. तिथे व्हीआर उपयोगी पडतो. तो सावरतो तुमचा हात, पक्ष्याचे पंख नाही. फडफडणारी खरूची गोठवायची असेल, तर व्हीआर असो वा नसो, १/१००० किंवा त्याहून जलद शटर लागेलच.

घेण्याआधी काय पाहायचं : पाचगणी, महाबळेश्वर, वाई या भागात जुन्या लेन्सचा सगळ्यात मोठा शत्रू बुरशी आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत घरात धुकं शिरतं, चामड्याच्या चपला हिरव्या होतात, तिथे चामड्याच्या डब्यात ठेवलेली लेन्स वाचणं कठीण. काचेवर धाग्यांसारखं किंवा कोळिष्टकासारखं दिसतं ती बुरशी. ती वाढताना सोडलेल्या आम्लाने काचेवरचा लेप खाते. कारागीर बुरशी पुसून देऊ शकतो, पण खाल्लेला लेप परत येत नाही. शिवाय झूम लेन्समध्ये काचांचे गट पुढे-मागे सरकत असतात. एकदा उघडून बसवताना एखादा गट किंचित तिरका बसला, तर फोटोची एक बाजू कायमची मऊ होते.

तपासणी अशी करा. अपर्चरची रिंग असेल, तर ती सगळ्यात लहान आकड्यावर आणून पाती पूर्ण उघडा. ‘जी’ लेन्समध्ये मागच्या बाजूचा छोटा दांडा बोटाने हळूच सरकवला की पाती उघडतात. मग एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं पाहा. नंतर बाजू बदला. चार-दोन धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. धागे, दुधी पडदा किंवा काचेच्या कडेला इंद्रधनुषी चकाकी दिसली, तर लेन्स परत द्या. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालेल, मागच्या काचेवरचा चालणार नाही, कारण ती सेन्सरच्या जवळ असते. अपर्चरच्या पात्यांवर तेल चकाकत असेल, तर पाती मिटायला उशीर लागतो आणि फोटो जास्त उजळ येतात.

पाचगणीच्या खरेदीदाराने आणखी एक गोष्ट पाहावी. मामांच्या लेन्ससारख्या बऱ्याच जुन्या झूम दट्ट्यासारख्या पुढे-मागे ओढायच्या असतात. ओढताना त्या हवा आत खेचतात आणि टेबललँडवर त्या हवेबरोबर घोड्यांच्या टापांनी उडालेली जांभ्याची लाल धूळही आत जाते. घोडे धावत असतील त्या वेळी अशी लेन्स पिशवीतच बरी. ती खाली धरली की नळी आपोआप घसरत बाहेर येते का, तेही पाहा. घसरत असेल तर फोटो बिघडत नाही, पण ट्रायपॉडवर कॅमेरा झुकवला की झूम हलेल.

शेवटची चाचणी फोटो काढूनच करायची. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत पाचगणीत जागोजागी आहे. तिच्यासमोर कॅमेरा अगदी समांतर धरा. सगळ्यात लहान, मधल्या आणि सगळ्यात मोठ्या झूमला प्रत्येकी दोन फोटो काढा, एक पूर्ण उघड्या अपर्चरला आणि एक एफ/८ला. पडद्यावर मोठं करून चारही कोपरे पाहा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे, एफ/८ला बहुधा सुधारतो. एकच बाजू मऊ असेल तर काच तिरकी आहे. ती लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याही लेन्सने सुटत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी कृष्णेच्या खोऱ्यावर धुरकट पडदा असतो आणि तापलेल्या कातळावरून हवा लहरत वर चढते. अशा वेळी कमळगड कितीही महागड्या लेन्सने काढा, कडा पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारख्या डुलतील. माणूस लेन्सला बोल लावतो, पण दोष मधल्या हवेचा असतो. पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि दिवसाचे पहिले दोन तास, यांतच मोठी लेन्स पैसे वसूल करते.

प्रश्न : मी सांगलीचा. माझ्याकडे कॅनॉन १३००डी आहे. कृष्णेच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरींचे फोटो काढायचे आहेत. कॅनॉनची जुनी ७५-३०० घेऊ की ५५-२५०? मित्राकडे त्याच्या वडिलांची कॅनॉन एफडी झूम आहे, ती चालेल का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : कॅनॉनची गोष्ट निकॉनच्या उलटी. १९८७ साली कॅनॉनने आपलं जुनं एफडी माउंट टाकून देऊन ईएफ आणलं आणि प्रत्येक ईएफ लेन्समध्ये मोटर बसवली. त्यामुळे १९८७ची ईएफ ७०-२१० एफ/४सुद्धा तुमच्या १३००डीवर आपोआप फोकस करेल. एफडी लेन्स मात्र तुमच्या कॅमेऱ्यावर जमणार नाही. एफडी लेन्स बसण्याच्या कडेपासून फिल्मपर्यंत ४२ मिलिमीटर अंतर असतं, ईएफ कॅमेऱ्यात ते ४४ आहे. म्हणून साधा अ‍ॅडॉप्टर लावला तर दूरचा विषय कधीच फोकसमध्ये येत नाही, आणि मध्ये काच घातलेला अ‍ॅडॉप्टर चित्र मऊ करतो. मित्राने ती लेन्स जपून ठेवावी. पुढे कधी मिररलेस कॅमेरा घेतला, तर त्यात हे अंतर बरंच कमी असतं, कॅनॉन आरएफमध्ये २० आणि सोनी ई माउंटमध्ये १८ मिलिमीटर. तिथे साध्या अ‍ॅडॉप्टरवर एफडी लेन्स हाताने फोकस करून मजेत चालते.

७५-३०० आणि ५५-२५०मध्ये ५५-२५० घ्या, डोळे मिटून. आयएस (कॅनॉनची कंप सावरणारी यंत्रणा) नसलेली ७५-३०० मोठ्या टोकाला मऊ पडते आणि हात सावरत नाही. ५५-२५०च्या सगळ्या आवृत्त्यांत आयएस आहे, पहिली २००७ची, आणि २०१३ची एसटीएम आवृत्ती त्यांत सर्वांत तीक्ष्ण. फिल्मच्या काळातल्या सिग्मा झूमपासून सावध राहा. त्यांतल्या कित्येक डिजिटल कॅनॉनवर बसतात, पूर्ण उघड्या अपर्चरला एक-दोन फोटो निघतातही, पण अपर्चर मिटवलं की कॅमेरा ‘एरर’ दाखवून थांबतो. घेण्याआधी एफ/८ला फोटो काढून बघणं हाच त्यावरचा उपाय.

मगरींबद्दल : तुमच्या सेन्सरवर २५० मिलिमीटरला ५० मीटर अंतरावरची चौकट साधारण साडेचार मीटर रुंद असते. तीन मीटरची मगर त्यात दोन तृतीयांश जागा घेते. म्हणजे ५० मीटरवरूनच चांगला फोटो होतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मगर अनुसूची एकमधला प्राणी आहे. तिला उठवायला दगड मारणं हा गुन्हाही आहे आणि वेडेपणाही, पाण्यात उतरून जवळ जाणं हाही वेडेपणाच. अंतर कमी वाटलं तर फोटो नंतर कापून घ्या.

प्रश्न : लेन्स घेतली, पण पावसाळ्यात ठेवू कुठे? तांदळाच्या डब्यात ठेवतात म्हणे. – एक गृहिणी, वाई

उत्तर : तांदळात नको. तांदळाचा पिठाळ भुसा लेन्सच्या फटींत शिरतो आणि ओल ओढून घेण्यात तांदूळ काही फार हुशार नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६०च्या वर जाऊ लागला की बुरशीचं फावतं. निळ्या सिलिका जेलचा रंग गुलाबी झाला, तर तो मंद आचेवर तापवून पुन्हा निळा करता येतो, मात्र स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

चामड्याचं किंवा कापडाचं मूळ खोकं डब्याबाहेर ठेवा, ते ओल धरून बसतं. कपड्यांच्या कपाटात आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून लेन्स ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, रिंगा फिरवा, उजेडात थोडा वेळ ठेवा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही. बाहेर धुक्यात फिरून आल्यावर लेन्स तशीच डब्यात बंद करू नका, आधी पुसून खोलीत कोरडी होऊ द्या.

पाचगणीच्या पहिल्या वाचकाला शेवटी एवढंच सांगतो की खरेदी पावसाळ्यात घाईने उरकू नका. त्या दिवसांत लेन्सची नीट तपासणी होत नाही आणि कमळगडही दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये एखाद्या उन्हाच्या दिवशी पुण्याला जा, किंवा मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजार भागात, जिथे कॅमेऱ्यांची जुनी दुकानं आणि दुरुस्ती करणारे कारागीर आहेत. स्वतःचा कॅमेरा, मोकळं मेमरी कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी सोबत न्या. तिथेच फोटो काढून मोठे करून पाहा आणि परत घेण्याची काही दिवसांची मुदत पावतीवर लिहून घ्या. जो दुकानदार लेन्समधून टॉर्च मारू देत नाही, त्याच्याकडून लेन्स घेऊ नका.